पायाळूचा पाय आणि जाऊबाईंची मान

दुपारची जेवणं आटोपली की माझी नात मला अंगणात सतरंजीवर पालथी घालते. ती शहरात फिजिओथेरपी शिकते, तिसरं वर्ष आहे, आणि सुट्टीत घरी आली की तिला सरावाला एक पाठ लागते. घरात रिकामी पाठ माझीच. तिच्या कॉलेजात हाडांचा एक सापळा टांगलेला आहे म्हणे. "पण आजी, तो गार राहते," ती म्हणते. माझा उपयोग एवढाच, की मी अजून उबदार आहे.

पौषातलं ऊन पाठीवर असतं आणि तिची बोटं मानेखाली फिरायला लागतात. "मान खाली घाल. हा बघ, सगळ्यात वर आलेला उंचवटा, हा मानेचा सातवा मणका. इथून मोजायचं." मग सातव्याच्या खाली बारा, त्यांना बरगड्या जोडलेल्या. त्यांच्या खाली पाच जाडजूड, सगळं ओझं उचलणारे. त्याखालचे एकमेकांत मिसळून गेलेले, वाटणी न झालेल्या भावांसारखे. ती प्रत्येक मणक्यावर अंगठा ठेवते, हलकेच दाबते, कान दिल्यासारखी थांबते आणि पुढच्यावर जाते. कुठला सांधा सैल आहे, कुठला आखडलाय, हे अंगठ्याला समजलं पाहिजे म्हणे.

मला तोवर गुंगी आलेली असते. अर्धवट झोपेत मला वाटतं, आदिलाबादहून सुटलेली बस माझ्या पाठीवरून जैनथकडे निघाली आहे. एकेक मणका म्हणजे एकेक थांबा. तिसऱ्यावर एक बाई बोचकं घेऊन उतरते. पाचव्यावर शाळेच्या पोरी चढतात, तेलुगूत काहीतरी कुजबुजतात आणि मराठीत हसतात. आठव्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कपाशीची पऱ्हाटी उभी, आणि तिच्यापलीकडे पैनगंगा असावी असा नुसता एक पांढुरका भास. नवव्यानंतर मला काही आठवत नाही.

"आजी, बारावर आली ना मी?"

"मले कायले विचारते? कंडक्टर तू हायेस."

अशी ही माझी पाठ. पण गावात तिला कुणी विचारत नाही. गाव विचारतं माझ्या पायाला. कारण मी पायाळू आहे.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी आधी पायांनी जगात आलेला माणूस. कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळूनं तिथे तीनदा पाय मारायचा, उसण उतरते, असं आमच्याकडे सगळे मानतात. आणि पायाळूवर वीज पडते, हेही सगळे मानतात. आता खरं काय ते सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी पायाळू नाही. मी डोक्यानेच आले, चारचौघांसारखी, आणि आल्या आल्या रडले.

झालं ते असं. लग्न होऊन मला जेमतेम तीन महिने झालेले. आम्ही बाया कपाशीत निंदायला बसलो होतो, माझी थोरली जाऊ पुढच्या तासात, म्हणजे ओळीत, मी मागच्या तासात. तिच्यात आणि माझ्यात इतकं अंतर पडलं होतं की दोघींच्या मधे एखादी म्हैस आरामात बसली असती. ढग आले, कडकडलं आणि माझी पाचावर धारण बसली. तुम्हाला म्हणून सांगते, त्या वेळची मी म्हणजे लांब वेणी आणि आखूड अक्कल. आताच्या मला ती भेटली असती तर एक टपली मारून घरी पाठवली असती. पण घरी पाठवणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून तिनं स्वतःच सोय केली. उठून उभी राहिली आणि ओरडली, "बाई, मी पायाळू हावो! वीज माह्यावर पडन, मंग तुमच्यावर पडन!"

बाया चटकन बाजूला सरकल्या. जाऊबाईंनी मला घरी धाडलं. त्या सगळ्या ओल्या होऊन परतल्या तेव्हा मी चुलीपाशी फुटाणे खात बसले होते, आणि जगात आपल्याइतकं हुशार कुणी नाही असं मला वाटत होतं.

आठ दिवसांत कापसाचं गाठोडं... नाही, कापूस अजून निघायचा होता, ते ज्वारीचं पोतं होतं. ते उचलताना जाऊबाईंच्या कमरेत उसण भरली. त्यांनी अंगणात रिकामं पोतं अंथरलं, त्यावर पालथ्या झाल्या आणि हाक मारली, "लहाने, ये वो. पाय मार."

पायाळू होण्यात काही काम असतं हे मला ठाऊकच नव्हतं! मी विजेपुरती पायाळू झाले होते. पाऊल नुसतं टेकवलं. "जोरानं मार न, जेवली नाई काय?" जाऊबाई खेकसल्या. मी जोरानं मारलं. त्यांचं तोंड पोत्यात घुसलं. तिसऱ्या दिवशी त्या टुणटुणीत झाल्या आणि दारोदार सांगत फिरल्या.

तेव्हापासून पन्नासेक वर्षं मी लाथा मारल्या. नदीपलीकडून, महाराष्ट्रातून माणसं आली. एकदा शाळेचे तेलुगू मास्तर आले, चष्मा काढून नीट घडी करून खिशात ठेवला आणि पोत्यावर असे निजले जणू परीक्षेलाच बसलेत. थोरल्या जावेच्या पाठीला राजरोस पाय लावायला मिळणारी तर सगळ्या मंडळात, म्हणजे नदीपलीकडच्या भाषेत तालुक्यात, मी एकटीच सून असेन. नात म्हणते, "आजी, साधी लचक चार-सहा दिवसांत आपोआप बरी होते. तू मारलं काय, नाही मारलं काय." आता कळलं. पण त्या लांब वेणीवालीला मधे मधे असंही वाटायला लागलं होतं, की कदाचित आपण खरंच पायाळू असू, आपली आईच विसरली असेल. आई भेटायला आली तेव्हा बाळंतपणाची आठवण मीच तिला शिकवली. "तुले ध्यानात नाई, माय, तू बेशुद्ध होती," असं सांगितलं. माय माझ्याकडे बघत राहिली. पण तिनं सांगितलं नाही कुणाला.

तर या पौषातली गोष्ट. आमचं आणि जाऊबाईंचं अंगण एकच, चुली दोन. त्यांना दहा-बारा वर्षांपासून संधिवात आहे. हातांची बोटं वाळलेल्या पऱ्हाटीच्या काड्यांसारखी एका बाजूला झुकलेली. दिवाळीपासून त्यांची मान दुखत होती. मान धरली की उशी उन्हात टाकायची, ही आमची पद्धत, म्हणून रोज सकाळी त्यांची उशी भिंतीवर तापत असायची. आधी एक उशी, मग दोन. नंतर हातातून कप सुटायला लागला. चालताना त्या कडेच्या भिंतीला बोटं लावत चालायला लागल्या, आणि मी मनात म्हटलं, म्हातारपण.

त्या दुपारी नात माझ्या बाराव्या मणक्यावर होती. जाऊबाई अंगण ओलांडून आल्या. हनुवटीखाली तळहात लावलेला, भरलेली घागर हिंदकळू नये तसं डोकं सांभाळत. उन्हात त्या इतक्या हळू येत होत्या की मला अर्धवट झोपेत वाटलं, त्या येत नाहीयेत, अंगणच त्यांना हळूहळू माझ्याकडे आणून राहिलंय.

"लहाने, ऊठ. पोतं टाक. आज कंबर नाई, आज मान. मानेवर मार."

मी उठून बसले. सवयीनं पाय धुवायला निघालेसुद्धा. नातीनं माझं मनगट धरलं. तिचं लक्ष जाऊबाईंच्या तळहाताकडे होतं.

"मोठी आजी, डोकं काऊन धरून ठेवलंस?"

"जड झालं त धरू नाई त काय करू? सोडलं का पडन असं वाटते."

नातीनं त्यांना खुर्चीत बसवलं, टेकून. मानेला हात लावला नाही, हे मी पाहिलं. ती समोर उकिडवी बसून गप्पा मारल्यासारखं विचारत होती.

"मान वाकवली का पाठीतून काही जाते काय?"

"जाते न. मोटारीचा करंट लागल्यावानी. पार पायापोतर."

"लुगड्याची गाठ मारता येते?"

"सून मारून देते. कायले, लगीन लावतं काय माहं?"

नात हसली नाही. तिनं जाऊबाईंचा हात आपल्या हातावर सैल ठेवला आणि मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली. टिचकी मधल्या बोटाला, आणि अंगठा मात्र आपोआप आत दचकला. दुसऱ्या हाताचंही तसंच. मग तिनं मला त्यांच्या पाठीशी उभं केलं, जाऊबाईंना पाय जुळवून उभं राहायला सांगितलं आणि डोळे मिटायला लावले. डोळे मिटताच त्या माझ्या अंगावर कलंडल्या. किती हलक्या झाल्या होत्या!

त्यांना पुन्हा टेकून बसवलं. "डोकं हलवायचं नाही," असं बजावून नात मला घरात घेऊन गेली. कोपऱ्यात जुनं जातं पडलेलं आहे. तिनं त्याची वरची तळी उचलली आणि खालच्या तळीतल्या खिळ्यावर बोट ठेवलं.

"आजी, मानेतलं पहिलं हाड असं वरच्या तळीसारखं, गोल, मधे मोकळं. दुसऱ्या हाडाला असा वर आलेला खिळा. त्याच्याभोवती डोकं फिरते. खिळा मागे सरकू नये म्हणून एक पट्टा बांधलेला राहते. संधिवात तो पट्टा खाऊन टाकू शकतो."

"मंग?"

"मंग खिळा मागे जातो. आणि मागे मेंदूतून आलेली दोरी आहे, करंगळीएवढी. हातपाय, श्वास, सगळं तिच्यातून जाते. ती दबली की टिचकीनं अंगठा तसा दचकते." तिनं तळी खाली ठेवली, अगदी सावकाश. "मला पक्कं माहीत नाही. एक्स-रे काढल्याशिवाय कुणालाच नाही. सांधा किती ढिला झालाय हे मी मान हलवून पाहणार नाही, कारण हलवून पाहण्यातच धोका आहे. पण तुझा पाय लागला आणि ते तसं असलं, तर मोठी आजी तिथल्या तिथे पांगळी होईल. किंवा आपल्यात राहणार नाही."

माझा पाय. मी खाली पाहिलं. टाचेला भेगा, अंगठ्याला जोडवं. इतकी वर्षं तो मला विनोदी वाटत आला होता.

बाहेर जाऊबाई ओरडत होत्या. "येता का जाऊ मी? उद्या बाजार हाये. तो चंपीवाला कडकन मान मोडून देते. त्याच्या हातानं किती जनाची मान मोकळी झाली!"

"बाई, दवाखान्यात जाऊ. फोटो काढू मानेचा."

"दवाखान्यानं बारा वर्सं गोळ्या देल्या. बोटं सरळ झाली काय? तुह्या पायानं तीन दिवसांत उभी केली होती मले. मार."

तेव्हा मी ठरवलं. माझं मोठेपण गेलं तरी चालेल. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. निंदण, कडकडाट, भीती, फुटाणे.

"मी पायाळू नाई, बाई. कधीच नवती. डोक्यानं आली मी."

जाऊबाई हसायला लागल्या. मान न हलवता, नुसतं पोट हलवून. "त्या पोरीनं शिकवलं तुले."

"खरं सांगून राह्यली मी!"

"लहाने, तू खोटं बोलली का तुह्या तोंडावर दिसते. आताच पाय, कशी दिसून राह्यली. मले काय ओळखू येत नाई?"

काय म्हणावं! इतकी वर्षं एकही दिवस न चुकता खोटं निभावलं, त्याचं कौतुक राहिलं बाजूला. आई गेली, सुईण गेली, माझ्या जन्माला हजर असलेलं एकही माणूस आता उरलं नव्हतं. मी खरी आहे हे सिद्ध करायला मला कुणी साक्षीदार नव्हता. त्या लांब वेणीवालीनं काम इतकं पक्कं केलं होतं की मला तिच्या तावडीतून सुटता येईना.

ऊन भिंतीवर चढत होतं. चंपीवाल्याचा बाजार आणि आम्ही यांच्यामध्ये फक्त एक संध्याकाळ उरली होती. मग मला वाटलं, ती लांब वेणीवाली ऐकत नाही ना, तर तिलाच कामाला लावू.

मी रांजणावर गेले आणि पाय धुतला, नेहमीसारखा, तीनदा. "आजी!" नात किंचाळली. मी तिला डोळा मारला. जाऊबाईंचे पाय खुर्चीखाली जमिनीवर टेकलेले होते. मी माझ्या पायाचा अंगठा त्यांच्या पायाच्या अंगठ्याला लावला, अलगद, आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे सगळं तांबूस झालं. त्यात वरून खाली एकेक हाड उजळत गेलं, मानेतली सात, मधली बारा, खालची पाच. माझी की त्यांची, मला सांगता येणार नाही. दोघींचा कणा त्या वेळी एकच होता असं वाटलं. मी बराच वेळ तिथेच होते. नंतर नात म्हणाली, अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

"पाय काय म्हणते?" जाऊबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"पाय म्हणते, मानेतला खिळा ढिला झाला. सातव्या मणक्यापोतर माही हद्द. त्याच्यावर माही सत्ता नाई. तिथं दवाखान्याची हद्द लागते. आजच्या आज जायचं, मान तसूभर न हलवता. कोनी हात लावला त पायाचं मागचं सारं काम वाया जाईन."

आमच्या भागात हद्द लगेच समजते, नदी ओलांडली की राज्य बदलतं, कागद बदलतो. "आधी कधी नाई सांगतलं?"

"आधी कवा मान आणली तुमी?"

"हाओ, तेही खरं," जाऊबाई म्हणाल्या. "बलाव मंग गाडी."

नातीनं फोन करून अँब्युलन्स बोलावली आणि सोबत आलेल्या माणसाला तेलुगूत काय काय समजावलं. त्यानं जाऊबाईंच्या गळ्यात कडक पट्टा बसवला, दोन्ही कानांशी गुंडाळलेली चादर लावली आणि सगळं फळीला बांधलं. मी शेजारी बसले. "मेल्लगा, मेल्लगा," हळू, हळू, असं नात ड्रायव्हरला सांगत होती, आणि गाडी खरंच इतकी हळू चालली की गुरं आमच्या पुढे निघून गेली. प्रत्येक गतिरोधक आला की चाकं वर चढायची, थांबायची, विचार केल्यासारखी खाली उतरायची. खिडकीतून बाभळी मागे सरकत होत्या, काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले. आदिलाबादच्या अलीकडे कापसानं लादलेल्या गाड्यांची रांग लागली होती, पांढरी, अगडबंब, निजलेली. जाऊबाईंना छताशिवाय काही दिसत नव्हतं.

"कुठं आलो वो?"

"रांगेजवळ. लय गाड्या हायेत."

"यंदा कापूस चांगला झाला म्हणा." आणि थोड्या वेळानं, "लहाने, बोलत राय. तू गप बसली का मले भेव वाटते."

मग मी बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही. सासूबाईंच्या नकला केल्या असतील. कुणाच्या लग्नात वरणात मीठ विसरलं होतं, त्याचं काहीतरी. त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि मी दाबला तरी त्यांना कळत नव्हतं.

दवाखान्यात फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि बराच वेळ पाहिला. खिळा सरकलेला होता. "गर्दन को हाथ मत लगाओ, ये किसने बोला?" त्यांनी विचारलं.

"इसके पाँव ने," फळीवरून जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मीही पाहिलं. नातीचं तोंड फुगलं. मी पुढे होऊन तिला दंडाला धरून उभं केलं आणि सांगितलं, "इसने बोला. ये पढ़ती है." डॉक्टरांनी तिला दोन प्रश्न विचारले. तिनं नखावरच्या टिचकीचं सांगितलं, आणि मान का हलवून पाहिली नाही तेही सांगितलं. "अच्छा किया," ते म्हणाले. एवढंच. पण तिचे कान लाल झाले ते मी पाहिले. बाहेर आल्यावर मात्र ती माझ्यावर भडकली. "मी शोधलं, आणि नाव तुझ्या पायाचं!"

"नाव राहू दे. मोठी आजी आली न?"

पुढे नागपूरला ऑपरेशन झालं. पहिलं आणि दुसरं हाड स्क्रूनं एकमेकांना बांधून टाकलं. आता जाऊबाईंचं डोकं फारसं फिरत नाही. मागून हाक मारली तर त्या अख्ख्या वळतात, बैलगाडी वळवावी तशा, आणि तोवर हाक मारणारा निघून गेलेला असतो. सगळ्या गावात सांगतात, लहानीच्या पायानं मले नागपूरला पाठवलं. मी नाही म्हणायचं सोडून दिलंय. कुणी मान घेऊन आलं तर मी पाय पोटाशी घेऊन बसते आणि हद्दीचं सांगते. कुणी कंबर घेऊन आलं तरी आताशा सांगते, हद्द अजून खाली सरकली.

डॉक्टर म्हणाले होते, हात किती सुधारतील सांगता येत नाही, थांबून पाहायचं. आम्ही थांबलो. फाल्गुन गेला. परवा दुपारी मी सतरंजीवर पडले होते, एकटीच, नात शहरात परत गेलेली. जाऊबाई अख्ख्या वळत वळत आल्या आणि माझ्याशेजारी टेकल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांची वाकडी दोन बोटं माझ्या दंडावर आली, जागा शोधली आणि त्यांनी करकचून चिमटा काढला.

"आई गं!"

"लागलं?"

"लागलं त काय! रक्त निघन आता."

"हो काय," त्या म्हणाल्या, आणि स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरून बघत बसल्या. मग त्यांनी दुसऱ्या हातानं दुसऱ्या दंडाला काढला.